भिंतीकडे तोंड करून

एस्तेरमावशी देवाचं पुस्तक वाचायला बसायची ती भिंतीकडे तोंड करून. दाराकडे पाठ. उजेड खांद्यावरून पानावर पडायचा आणि तिचं तोंड बरोबर आमच्या भिंतीकडे. भिंतीच्या अलीकडे आमची खोली, आणि त्याच भिंतीला टेकून माझा नवरा चहा प्यायचा. मध्ये एका विटेची जाडी. थेरगावात डांगे चौकाच्या मागे आमची बैठी चाळ होती, तिथल्या भिंती नावालाच. पलीकडे कोणाला उचकी लागली तर अलीकडच्या माणसाने पाणी प्यावं अशा.

नवऱ्याचं नाव भास्कर. तोंडावर मी त्याला अहो म्हणते आणि नाव घेत नाही. हे लिहिलेलं कोणी वाचणार नाही, म्हणून इथे नावही घेते आणि तोही म्हणते.

मावशी श्रीरामपूरकडची. नवरा लवकर गेलेला. चौकातल्या एका मेसला ती पोळ्या लाटून द्यायची, कंपन्यांत कामाला असलेली एकटी पोरं तिथे जेवायची. उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज पितळी पातेल्यासारखा. तिला हळू बोलता यायचंच नाही. ती दारात भाजीचा भाव करायची तर मागच्या गल्लीतल्या बायकांना आजची मेथी कशी आहे ते कळायचं. मी उलटी. शिक्षण चौथी, आणि आवाज त्याहून कमी. मावशी म्हणायची, "मंदे, तू बोलतीस का नुसते ओठ वाळवतीस?"

आधीही तिच्याकडे बायबल होतं, पण ती वाचायची नाही. फळीवर, आरशाच्या मागे, कपड्याच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ते गुंडाळलेलं असायचं. रविवारी पिशवीसकट चर्चला जायचं आणि पिशवीसकट परत यायचं. तिथले पाळक दर रविवारी सांगायचे, रोज वाचा, एक तरी अध्याय वाचा. मावशी घरी येऊन म्हणायची, "रोज वाचाया मी काय पाळक हाय? माझ्या पोळ्या कोन लाटनार, त्ये?"

तिचा एकुलता एक मुलगा सामुएल. भास्कर चाकणकडच्या एका प्रेस शॉपमध्ये लाइनचा सुपरवायझर होता, त्यानेच सामुएलला तिथे लावलं. त्या वर्षी नाताळला करंज्यांचा डबा आधी आमच्याकडे आला, मग बाकीच्या चाळीत गेला. मावशी भास्करला भाऊ म्हणायची. वयाने तो तिच्या मुलासारखा, तरी भाऊ.

प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. त्याच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला की मशीन खाली येत नाही. पण मग घटकाघटकाला थांबावं लागतं आणि माल कमी निघतो. त्या महिन्यात माल घाईने पाहिजे होता. मालकाने सांगितलं, भास्करने सेन्सर बंद केला, आणि सामुएलच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

चौकशीला साहेब आले. त्यांच्यापुढे भास्कर म्हणाला, पोराने स्वतःच सेन्सर बंद केला, त्याला काम लवकर उरकायची घाई असायची. सामुएलची नोकरी गेली. भास्करला वरची जागा मिळाली. खरं काय ते चाळीत सगळ्यांना माहीत होतं. त्याच शॉपमधली माणसं आमच्या ओळीत राहत होती. पण त्यांनाही दुसऱ्या दिवशी कंपनीच्या त्याच बसमध्ये चढायचं होतं. आणि भास्कर घरात त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

मावशी आमच्या दारात आली तेव्हा तो जेवत होता. चाळीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, आता मोठं भांडण होणार म्हणून. पण ती भांडली नाही. म्हणाली, "भास्करभाऊ, सायबांसमोर नको बोलू. तुझी नोकरी ऱ्हाऊ दे तुला. माझ्या पोरासमोर यवडंच बोल, की सेन्सर मी बंद केला. बोटं काय परत येत न्हाईत. पर त्यो रोज मला इचारतो, आई, मीच तर न्हाई ना केलं? सगळी म्हनत्यात तर मीच केलं आसंल. त्याला सोताचाच भरवसा ऱ्हायला न्हाई रं."

भास्कर खाली बघून भात कालवत होता. "मावशी, जेवू द्या. झालं ते झालं."

"जेव," मावशी म्हणाली. आणि गेली.

पुढच्या रविवारी तिने उपासना संपल्यावर पाळकांना गाठलं. हे तिनेच मला नळावर सांगितलं. पिशवीतून पुस्तक काढून तिने त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "पाळकसाहेब, ह्याच्यात शाप कुठल्या पानावर हायेत?"

पाळक तरुण होते, भले होते, आणि घाबरले. म्हणाले, "बाई, असं मधूनच उघडून वाचायचं नसतं. पहिल्या पानापासून वाचा. रोज, क्रमाने, उडी न मारता. म्हणजे अर्थ लागेल." त्यांना वाटलं, सुरुवातीला नावांच्या याद्या आहेत, नियम आहेत, बाई दमेल, तोवर राग निवेल. तिथेच ते चुकले. मावशीचा राग उपाशी मेला असता कदाचित. त्यांनी त्याला रोजचं जेवण लावून दिलं.

रोजची सवय लावायची तर वेळ एकच ठेवावी असं लोक सांगतात. मावशीची वेळ भास्करच्या शिफ्टप्रमाणे बदलायची. त्याची पहिली शिफ्ट असली की ती संध्याकाळी वाचायची, दुसरी असली की सकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपायचा तेव्हा ती गप्प बसायची. मला म्हणाली, "निजलेल्याला वाचून काय उपेग?" ओव्हरटाइमला तो थांबला तर तीही थांबायची, पोळ्यांचं पीठ मळून झाकून ठेवायची. गल्लीच्या तोंडाशी कंपनीची बस उभी राहिली की ती हात पुसायची. भास्कर हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन भिंतीला टेकला की पलीकडे ती प्लास्टिकची पिशवी सळसळायची. आधी पिशवी, मग आवाज.

बोट ओळीखाली धरून ती वाचायची. बोटाला पीठ असायचं. जोडाक्षर आलं की थांबायची, ते फोडायची, आणि मग सबंध शब्द असा टाकायची की आमच्या फळीवरचे पेले वाजावेत.

पहिल्या दिवसांत भास्कर हसायचा. "म्हातारीला रेडिओ लागलाय." मग नावांच्या याद्या आल्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, पिढ्यांमागून पिढ्या. त्याने कप खाली ठेवला. "ही कुणाची नावं घेतेय?" मला म्हणाला. "आपल्या घराण्याचं तर काही करत नाही ना?" त्या रात्री त्याने उंबऱ्यात लिंबू ठेवलं. पाळकांना वाटलं होतं त्या याद्यांनी मावशी दमेल. मावशी नाही दमली.

त्यानंतर नियम आले. डोळ्याची भरपाई डोळ्याने, हाताची हाताने, असं जिथे आहे तिथे ती पोचली. ती ओळ तिने एकदाच वाचली. कुठलीच ओळ ती दोनदा वाचायची नाही, हा तिचा स्वतःचा नियम. पण ओळ वाचून ती थांबली. पलीकडे काहीच नाही. अलीकडे भास्कर, हातात बिस्किट. ते बिस्किट चहात पडून विरघळलं तरी ती पुढे वाचेना. मी भाकरी थापत होते, माझाही हात थांबला. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि गाडी पुढे निघाली.

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तिनेही वाढवला. तो चाळमालकाकडे गेला. मालक येऊन दोन्ही दारं बघून गेला आणि जाताना म्हणाला, "राव, बाई देवाचं वाचतीय. मी कशी बंद करू? गणपतीत तुमचा स्पीकर दहा दिवस तिच्या कानाशी असतो, ती आली का कधी तक्रार घेऊन?" मग भास्कर भिंतीवर मुठी मारू लागला. मुठी थांबेपर्यंत मावशी थांबायची आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. तेवढी एकच सूट तिने नियमाला दिली होती.

एकदा तो ओरडला, "ए म्हातारे! देव बहिरा आहे का तुझा?"

पलीकडून लगेच आलं, "देव न्हाई बहिरा. दुसरंच कोनीतरी हाय."

सगळी चाळ हसली. मी पदर तोंडात धरला.

स्तोत्रं लागली तेव्हा मावशीचा चेहराच बदलला. नळावर हंडा लावून म्हणाली, "मंदे, आपल्याला वाटतं देवापुढं ग्वाड बोलावं. आनि ह्यो दावीद राजा बघ. सरळ म्हनतो, माझ्या वैऱ्यांचे दात पाड. आनि देवानं ते पुस्तकात ठिवून घेतलंय. खोडलं न्हाई." तिचा हंडा भरून वाहत होता. ती एवढी खूश मी सामुएलच्या अपघातानंतर बघितली नव्हती.

तिच्या रोजच्या वाचनाची बातमी चर्चमध्ये पोचली. पाळकांना आनंद झाला. त्यांनी तिला महिलांच्या सभेत उभं केलं. म्हणाले, आपल्या भगिनी सांगतील की रोज वाचायची सवय त्यांनी कशी लावली. मावशी उभी राहिली. "सोपं हाय," म्हणाली. "शेजारी एक दुश्मन पायजे. त्याचं तोंड आठवलं की पुस्तक आपोआप उघडतं. म्या ताप आला तरी चुकले न्हाई." पाळकांनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली. पण सभा सुटल्यावर एक म्हातारी तिला कोपऱ्यात घेऊन गेली आणि कानाशी लागून विचारलं, "सुनंला ऐकवाया कुठला भाग चांगला?" हे सांगताना मावशी एवढी हसली की तिला ठसका लागला.

मग तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, वाचायला बंदी. मी डबा घेऊन गेले तर म्हणाली, "मंदे, चौथी म्हंजे वाचता येतं की."

"मला नाही जमायचं मावशी."

"मला तरी कुठं जमत हुतं?"

भास्करला चहा दिला, गिरणीत जाऊन येते म्हणाले आणि तिच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. सामुएल कोपऱ्यात बसला होता, हात रुमालात गुंडाळून. पहिली ओळ माझ्याच कानात पोचली नाही. मावशीने माझ्या पाठीवर थाप मारली. दुसरी ओळ भिंतीपर्यंत गेली असेल. तिसरी पलीकडे गेली. शाळा सोडल्यावर मी कधी मोठ्याने काही वाचलं नव्हतं. शाळेतही शेवटच्या बाकावरून बाईंना ऐकू जायचं नाही. आता एकेक शब्द घशातून वर येत होता आणि मागे सामुएल ऐकत होता.

परत आले तर भास्कर म्हणाला, "म्हातारीने दुसरी बाई ठेवलीय वाटतं वाचायला. हिचा आवाज तर तिच्याहून बेकार. आतच घुसतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि त्याला माझा आवाज ओळखू आला नाही. मी त्याच्या हातातला कप घेतला आणि विसळला. पट्टी निघेपर्यंत रोज गिरणीत गेले. एवढं पीठ कुठे जातंय हेही त्याने विचारलं नाही.

डोळा बरा झाल्यावर मावशी पुढे वाचू लागली. एका संध्याकाळी पिशवी सळसळली आणि नंतर काहीच आलं नाही. भास्करने भिंतीकडे बघितलं. चहा संपवला. पाय पसरले. "दमली शेवटी," म्हणाला. मला काळजी लागली. सकाळी नळावर विचारलं, "मावशी, काल वाचलं नाहीत?"

"वाचलं की."

"आवाज नाही आला."

"हळू वाचलं." तिने इकडेतिकडे बघितलं. "वैऱ्याला माफ करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असलं आलं काल. उडी तर मारायची न्हाई. मग वाचलं तोंडातल्या तोंडात."

"का पण?"

"ते त्याच्यासाठी न्हाई, मंदे. ते मला सांगितलंय. माझं मी बघीन, देवाचं नि माझं. त्याला आयतं कशाला ऐकवू? त्यो म्हनंल, सुटलो."

हळू बोलता न येणारी बाई आयुष्यात एकदाच कुजबुजली असेल, ती त्या पानावर. दुसऱ्या दिवशी आमचे पेले पुन्हा वाजले. पुस्तक संपलं तेव्हा तिने पुन्हा पहिल्या पानापासून धरलं.

भास्करने तळेगावला फ्लॅट घेतला. सगळ्यांना सांगत होता, तिकडे हवा चांगली आहे, शांतता आहे. हवेचं त्याला काही नव्हतं. टेम्पो भरत होते तेव्हा मावशी आली. भास्कर पुढे ड्रायव्हरशी बोलत होता, तिला बघून तिकडेच थांबला. माझ्याजवळ पिठाचा डबा होता. मावशीने झाकण काढलं, पदराखालची पिशवी काढली आणि पिठावर ठेवून झाकण लावलं.

"मावशी, तुमचं पुस्तक..."

"मला मोठ्या अक्षरांचं आलंय चर्चमधनं. ह्ये तू ठिव. पिठाच्या डब्यात बाप्या मानूस हात घालत न्हाई." मग म्हणाली, "जिथं थांबले तिथं पोळीच्या कागदाची खून हाय."

  मी डबा घट्ट धरला.

तळेगावचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या सकाळी भास्कर चहा घेऊन खुर्चीत बसला. पलीकडे कोणी राहायला आलं नव्हतं. पंख्याचाही आवाज नाही. "ऐक," मला म्हणाला. "काही ऐकू येतं का? याला म्हणतात शांतता."

मी पिठाचा डबा उघडला. पिशवी सळसळली.

त्याचा कप तोंडापाशी होता, तिथेच राहिला. मी खूण असलेलं पान काढलं. मावशीने थांबायची जागा नीट बघून निवडली असणार. दात पाडायचं तेच स्तोत्र होतं. मी भिंतीकडे तोंड केलं नाही. त्याच्याकडे केलं.

"हे काय? तू बाटलीस का काय?"

मी वाचत होते.

"बंद कर!"

मी थांबले. तो ओरडून संपेपर्यंत थांबले आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तेव्हा त्याने आवाज ओळखला. त्याच्या तोंडावर ते आलेलं मी बघितलं. गिरणीतलं सगळं पीठ त्याला एकदम आठवलं असावं.

त्याने पुस्तक लपवून बघितलं. मी जेवण वाढायचं थांबवलं, मग पुस्तक मिळालं. त्याने गावाकडे फोन करून सांगितलं, हिला वेड लागलंय. सासूबाई आल्या, चार दिवस ऐकून गेल्या. जाताना त्याला म्हणाल्या, "वाचतीय तर वाचू दे की. तुला एवढं काय टोचतंय?"  मग तो चहा गॅलरीत घेऊ लागला. मी गॅलरीचं दार उघडं ठेवलं.

ऋतू गेले. माझा अध्याय रोज एकच, जोडाक्षरं फोडत. एका सकाळी मी पान उलटत होते तेव्हा तो गॅलरीतून, बाहेर बघत, म्हणाला, "मालकाने सांगितलं म्हणून बंद केला. मी काय माझ्या मनाने केला का सेन्सर?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडून निघाला. मी म्हणाले, "हे सामुएलला सांगा."

 मी पुढे वाचलं.

मावशी मला शेवटची दिसली डांगे चौकात, भाजीच्या हातगाड्यांपाशी. मी मुद्दाम तळेगावहून आले होते. ती वाकली होती, डोळ्यांना जाड चष्मा. मेथीची जुडी उचलून देठं बघत होती. मला बघून तिने कशी आहेस विचारलं नाही. विचारलं, "कुठवर आलीस?"

"ते पान आलंय मावशी. उद्या."

कुठलं पान ते तिला सांगावं लागलं नाही. तिने जुडी झटकली. माती खाली पडली.

"बोलला का त्यो?"

"मला बोलला. सामुएलला नाही."

"सामुएल आजून इचारतो," ती म्हणाली. "कमी इचारतो. पर इचारतो." तिने जुडी उलटी करून पुन्हा देठं बघितली. भाजीवाला म्हणाला, घेताय का आजी. ती त्याला म्हणाली, थांब रं. मला वाटलं आता ती जे म्हणेल तसं मी करीन. मोठ्याने म्हणाली तर मोठ्याने.

"मंदे, उडी मारू नको," ती म्हणाली. "पर हळू वाच."

जुडी पिशवीत टाकून ती निघाली. रिक्षा, हॉर्न, गाड्यांची गर्दी. तिची पांढरी वेणी माणसांत दिसेनाशी झाली, आणि मी वळले. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने, सगळ्या हॉर्नच्या वरून, पितळी पातेलं वाजल्यासारखा आवाज आला. अख्ख्या चौकाने ऐकला.

"आनि परवापासनं परत मोठ्यानं!"